बासष्टाव्या वर्षी शिकाऊ

सॉल्टपाँड,
सोमवार, सकाळचे सात

आईच्या जागी असलेल्या अराबाताईस, धाकट्या क्वामेनाचा दोन्ही गुडघे टेकून नमस्कार. (खरं तर एकच टेकला आहे. दुसरा टेकला तर उठवायला माणूस लागतं, आणि घरात मी एकटा.)

तुझी तब्येत कशी आहे? पायाची सूज उतरली का? डोळ्यांत धूर जाऊ देऊ नकोस म्हणून मी चाळीस वर्षं सांगतो आहे आणि चाळीस वर्षं तू मला विचारते आहेस की मग मासे काय तोंडानं फुंकून भाजू. आता भट्टीपाशी सुनेला बसव आणि तू लांबून नुसत्या चुका काढ, ते तुला जास्त चांगलं जमतं. शेळी व्याली का? व्याली असेल तर पिल्लाला माझं नाव ठेवू नकोस. मागच्या खेपेला ठेवलंस आणि नाताळात त्याचाच रस्सा करून मला वाढलास, दोन घास काही घशाखाली उतरले नाहीत. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. भूक लागते, झोप लागते, फक्त बोटांना भोकं पडली आहेत, त्याचं कारण पुढे येईल.

(एकुआ, बाळ, आजीला हे पत्र तूच वाचून दाखवते आहेस ना? सावकाश वाच, स्वल्पविरामाला थांबत जा. कंसातलं वाचायचं की गिळायचं ते तू ठरव, तू आता मोठी झालीस. मात्र आजी मधेच 'पुरे, ठेव ते' म्हणाली तर अजिबात ठेवू नकोस. तिचा चहा आधी करून तिच्या हातात दे, म्हणजे तिला उठून जाता येणार नाही.)

तर ताई, तुझा निरोप मिळाला. आपला ट्रोट्रोवाला एबो शुक्रवारी माझ्या दारात गाडी उभी करून, इंजिन बंद न करता, पंधरा प्रवाशांसमोर तुझ्या आवाजात ओरडला, 'मान्सासारखी बायको जाऊन सहा वर्षं झाली नाहीत आणि रोज सकाळी सात वाजता इस्त्रीची विजार घालून कुठल्या बाईच्या घरी जातोस रे? लाज आहे का?' प्रवाशांनीही मान हलवली. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं तर 'त्यांचं बरोबर आहे' असं मला खिडकीतून सांगितलं. आता एबोनं तुझ्या कानावर घातलं त्यातलं काय खरं नि काय खोटं ते मी क्रमानं लिहितो. मी रोज सकाळी सात वाजता बाहेर पडतो हे खरं. एका बाईच्या घरी जातो हेही खरं. तिथे संध्याकाळपर्यंत असतो, ती मला रागावते, मी ऐकून घेतो, हे तर अगदी खरं. पण तुला वाटतं ते नाही. ते असतं तर सांगायला सोपं गेलं असतं, म्हणून तर दोन वर्षं मी तुला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तुला म्हणालो होतो की निवृत्तीनंतर मी मुलींच्या एका वर्गावर जातो, गणिताचा थोडा संबंध येतो. मी खोटं बोललो नव्हतो. मुली आहेत. गणितही आहे. फक्त शिकवतात त्या, आणि शिकतो मी. ताई, मी डॉर्कस एशुन मॅडमच्या 'प्रभूची वेळ शिवणगृहा'त शिकाऊ म्हणून लागलो आहे. मी बायकांचे कपडे शिवायला शिकतो आहे.

(एकुआ, इथे थांब. आजीला चहाचा एक घोट घेऊ दे.)

हे पत्र मी तुझ्याकडे काही मागण्यासाठी लिहीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नुसती कबुली आहे. तू चौदा वर्षांची असताना शाळा सोडून डोक्यावर माशांची पाटी घेतलीस ती मी पाटी-पेन्सिल घ्यावी म्हणून. मला मास्तर करण्यासाठी तू धुरात डोळे घातलेस. ट्रेनिंग कॉलेजच्या पहिल्या दिवशी तू मला बुटांचे बंद बांधून दिलेस, मी एकोणीस वर्षांचा घोडा होतो तरी. तो मास्तर आता शिवणाच्या मशीनवर पाय मारतो हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? दर ईस्टरला तुझ्याकडे यायचो तेव्हा ठरवून यायचो की आज बोलायचं, आणि तू चारचौघांत 'हे आमचे मास्तर' म्हणालीस की माझी वाचा बसायची.

साठ पूर्ण झाली आणि सरकारनं मला घरी पाठवलं, तेव्हा शाळेनं निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. छत्तीस वर्षं घंटेवर जगलेल्या माणसाला घड्याळ! ते मी मान्साच्या फोटोशेजारी लावलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. आठ वाजायचे, नऊ वाजायचे, मी बसलेलाच. शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर मी मुलांना उपदेश करायचो की ध्येय ठेवा, वेळापत्रक करा, रोज सकाळी उठायला काहीतरी कारण हवं. आता मला उठायला एकही कारण नव्हतं, लघवी सोडली तर. (हे गाळ.) एके दिवशी कोळिष्टकं काढताना मान्साच्या हातमशीनवरचं फडकं खाली पडलं. मी सहज चाक फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. मी पुन्हा फिरवलं. दुपारचं जेवण राहिलं ते मला चार वाजता कळलं. लहानपणी बाजारातल्या शिंप्याच्या ओट्यावर मी तासन् तास बसून राहायचो आणि तू मला कान धरून शाळेत न्यायचीस ते तुला आठवत असेल. मला त्या दिवशी कानासकट आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉर्कस मॅडमच्या दारात उभा राहिलो. तुला पद्धत ठाऊकच आहे, शिकाऊला घरच्या वडीलधाऱ्या माणसानं हाताला धरून आणायचं असतं, मानाच्या दारूच्या बाटल्या ठेवायच्या असतात. मॅडमनी माझ्या मागे पाहिलं, कुणी नाही. म्हणाल्या, 'सर, तुमचं मोठं माणूस कुठाय?' मी म्हटलं, मी साठ वर्षांचा आहे, मीच मोठं माणूस. त्या म्हणाल्या, 'ते आत येईपर्यंत. आत आलात की इथे सगळ्यात लहान तुम्ही. येताना एकटे आलात, चालवून घेते. जाताना चालणार नाही.' मी हो म्हणून बसलो. जाण्याचा विचार तेव्हा कोण करतो.

सगळ्यात लहान म्हणजे काय ते मला अर्ध्या तासात कळलं. शिवणगृहात वय मोजत नाहीत, कोण आधी आलं ते मोजतात. माझ्या आधी चार मुली लागलेल्या, त्यांतली आजोआ नावाची थोरली शिकाऊ तेव्हा एकोणीस वर्षांची. तिला रोज सकाळी आधी मी नमस्कार करायचा, तिनं मान हलवली की मगच आत यायचं. मला ती 'सर' म्हणते, अगदी आदरानं. 'सर, झाडू दाराआड आहे.' 'सर, कोपरे राहिले.' 'सर, मक्याचे सहा केंके आणि तळलेले मासे, आणि चटणी वेगळी बांधून आणा, मागच्या वेळी सांडली होती.' आणि मी म्हणायचो, हो आजोआताई. केंकेवालीनं पहिल्या आठवड्यात मला विचारलं, 'मास्तर, घरी पाहुणे आलेत का हो?' मी हो म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, 'पाहुणे काही जायचं नाव घेत नाहीत.' तिसऱ्या आठवड्यात तिनं काहीच विचारलं नाही, नुसता एक मासा जास्त घातला, ते मला जास्त लागलं.

पहिले तीन महिने कापडाला हात लावू दिला नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा कागद झटकून त्यावर टीप मारायची. सरळ रेघ, मग वळण, मग पुन्हा सरळ. मी म्हटलं, शिकायचं कसं हे मला कुणी सांगायला नको, छत्तीस वर्षं तेच सांगत आलो. घरी भिंतीवर वेळापत्रक लावलं: सहा ते सात सिद्धांत, सात ते पाच प्रात्यक्षिक, रात्री उजळणी. दोनशे पानी वही केली, लाल शाईनं व्याख्या, निळ्यानं उदाहरणं. मॅडम बाही लावायला लागल्या की मी लिहायला लागायचो. त्या कात्री खाली ठेवायच्या आणि माझं लिहून होईपर्यंत छताकडे बघत बसायच्या. एक दिवस म्हणाल्या, 'सर, वही छान झालीय. आता ती वही बाही लावू शकते का बघा.' मुली हसल्या नाहीत, कारण मी त्यांचा सर. त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या, आणि तिकडून हसण्याचा आवाज आला.

आणि ताई, त्या बाईंची कापायची रीत! कागदाचा साचा नाही, खडूची खूण नाही. गिऱ्हाईक दारातून आत येतं, मॅडम त्याच्याकडे एकदा बघतात, टेप गळ्यात नुसता शोभेला, आणि कापड पसरून सरळ कात्री घालतात. कर्र कर्र कर्र. पोलकं अंगात असं बसतं की शिवलेलं न वाटता उगवलेलं वाटावं. मला हे सहन होईना. मी घरी बसून बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याच्या वळणाचं सूत्र काढलं. खांद्याची रुंदी, छाती, आणि त्यात एक स्थिरांक. सूत्रानं कापलेलं पहिलं पोलकं आजोआताईनं अंगात घातलं, आणि तिचे दोन्ही हात वर राहिले ते खालीच येईनात. ती तशीच उभी राहून म्हणाली, 'सर, यात फक्त प्रार्थना करता येईल.'

इथवर हसण्यावारी गेलं. पुढचं लिहिताना मला अजून घाम फुटतो. मागच्या वर्षी बंदरावरचे आजोबा एसेल वारले. त्यांच्या घरच्यांनी अंत्यविधीसाठी कापड छापून घेतलं, काळ्यावर पांढऱ्या वर्तुळात आजोबांचा फोटो, टाय लावलेला, खाली जन्म-मृत्यूची तारीख. सात बायकांचे कपडे आमच्याकडे आले आणि मॅडमना त्या दिवशी आजारी बहिणीकडे जावं लागलं. आजोआताईनं कापायला घेतलं, तेवढ्यात मी म्हणालो, थांबा, हा क्षेत्रफळाचा प्रश्न आहे. कापड पसरलं, हिशेब मांडला, तुकडे उलटसुलट जुळवून असे बसवले की साडेतीन वार कापड वाचलं. आजोआताई सुद्धा म्हणाली, 'सर, हे भारीच.' ताई, गणिताचं मला इतकं सुख वर्गात कधी झालं नव्हतं. मी धडाधड कापत आणि टिपा मारत सुटलो. फोटोकडे मी बघितलंच नाही, मी क्षेत्रफळ बघत होतो.

मॅडम संध्याकाळी आल्या. कपडे उचलून बघितले, टेबलावर ओळीनं मांडले. चार सुनांच्या पोलक्यांवर आजोबा डोकं खाली करून लटकत होते. दोन नातींच्या पाठीवर ते अर्धे, टायपासून खाली. आणि विधवा एसेलकाकूंचा जो लांब स्कर्ट, त्याच्या मागच्या बाजूला, बरोबर जिथे बसायचं तिथे मधोमध, आजोबांचा चेहरा. अगदी सरळ. एवढा एकच सरळ आला होता. आणि तेवढ्यात कपडे घालून बघायला खुद्द एसेलकाकू दारात.

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मशीनसकट मला पोटात घ्यावं. काकूंनी तो स्कर्ट हातात घेतला, उजेडात धरला, खूप वेळ नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मुली रडायच्या बेतात. मग काकूंचे खांदे हलायला लागले, आणि आम्हाला वाटलं रडताहेत, तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, 'शेहेचाळीस वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर बसला होता. राहू दे ग हे असंच. एक दिवस मी बसते.' आणि मग खरोखरच रडल्या, मॅडमच्या खांद्यावर डोकं ठेवून, आणि आम्ही सगळे रडलो. बाकीच्यांचे चुकलेले तुकडे मॅडमनी त्या वाचलेल्या साडेतीन वारांतून पुन्हा कापले. वाचवलेलं सगळं त्यातच गेलं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तो निरोप घ्यायला. शाळेची विजार, शाळेचे बूट. म्हटलं, मॅडम, माझ्यानं हे होणार नाही, वय झालं, मेंदूत काही शिरत नाही, मी घरी बसतो. त्यांनी मुलींना बाहेर घालवलं आणि मला तिवईवर बसवलं. (एकुआ, हे नीट वाच. इथे घाई करू नकोस.) म्हणाल्या, 'सर, मी तुमच्या वर्गात होते, ठाऊक आहे? तिसरा बाक, खिडकीजवळ.' मला आठवेना. ताई, मला ती पोर आठवलीच नाही, हेच सगळ्यात वाईट. त्या सांगत होत्या, 'शंभरात चार मिळाले होते. तुम्ही प्रगतिपत्रकात लिहिलंत, ही मुलगी दिवसभर खिडकीबाहेर बघते, हिला काही येणार नाही. बापानं ते वाचलं आणि शाळा बंद केली.' मग त्या म्हणाल्या, 'खिडकीबाहेर समोर शिवणाचं दुकान होतं, सर. ती बाई कशी कापते ते मी बघत होते. दोन वर्षं बघितलं. टेप नाही, साचा नाही, नुसतं बघून कापायला मी तुमच्या वर्गात शिकले. तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की बाहेर काय दिसतं.'

रागानं नाही बोलल्या. रागानं बोलल्या असत्या तर मी उठून गेलो असतो आणि बरं वाटलं असतं. मी तिथे बसून लहान मुलासारखा रडलो. छत्तीस वर्षांत किती तिसरे बाक झाले असतील, याचा हिशेब मला जमेना, आणि हिशेब न जमण्याची ती माझी पहिली वेळ. मॅडमनी मला रडू दिलं आणि मग ते कालचं एक उलटं पोलकं माझ्या मांडीवर टाकलं. म्हणाल्या, 'चुकलंय ते उसवा. सगळं. दोरा तोडू नका, ओढून काढा. तुम्हाला जमत नाही तोवर मी पुढचं काही शिकवणार नाही, आणि तुम्ही घरी गेलात तर मी शिकवण्यात कमी पडले असं होईल. ते मला चालणार नाही.' त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत नुसतं उसवलं. उसवताना कळतं की शिवणाऱ्यानं कुठे घाई केली आणि कुठे त्याचं लक्ष उडालं. वही मी त्या रात्री चुलीत घातली. (वेळापत्रक नाही घातलं. त्याची सवय लागली आहे.)

त्यानंतर मी एकच बाही अठ्ठावीस वेळा लावली. एकोणतिसाव्या खेपेला मॅडमनी ती उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, 'हं.' बस, एवढंच. आदर्श शिक्षकाचा पुरस्कार मला एकदा जिल्ह्यातून मिळाला होता, तू नवं कापड घालून आली होतीस. ताई, त्या 'हं'नं मला जे झालं ते त्या पुरस्कारानं झालं नव्हतं. घरी येऊन मी मान्साच्या फोटोला दोनदा सांगितलं. मी वाईट मास्तर नव्हतो ग. पण कामावर जाताना आनंदानं चालतात हे मला माहीत नव्हतं, ते मला आता, गुडघे गेल्यावर, कळलं. तुझा धूर वाया गेला असं मात्र समजू नकोस. तू मला शिकायची सवय लावलीस, तीच आत्ता उपयोगी पडते आहे. मी फक्त फार वर्षं दुसऱ्यांना शिकवून ती मोडली होती.

आता शेवटचं. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी मॅडम आजोआताईला आणि मला शिकाऊपणातून मोकळं करायचं म्हणताहेत. मंडप घालतील, लोक जमतील, डोक्यावर पावडर टाकतील, कात्री हातात देतील, मग मी मान्साच्या मशीनवर स्वतःची पाटी लावायला मोकळा. पण माझ्या नावापुढे अजून खूण झालेली नाही. आजोआताईची झाली. माझी परीक्षा बाकी आहे, आणि ती मॅडमनी मुद्दाम अवघड दिली आहे. समोर नसलेल्या माणसासाठी पोलकं आणि स्कर्ट कापायचा, टेप न लावता, साचा न करता, नुसतं आठवून. ते त्या माणसानं त्या दिवशी मंडपात सगळ्यांसमोर पहिल्यांदाच अंगात घालायचं. बसलं तर मी सुटलो. नाही बसलं तर आणखी एक वर्ष झाडू आणि केंके, आणि नापास माणूस पुन्हा रांगेत शेवटी जातो, म्हणून नवी आलेली सतरा वर्षांची पोरगी माझ्या वरची होईल. मी शिवून ठेवलं आहे. माणूस कोण ते विचारू नकोस. घरचं वडीलधारं माणूस उभं करायचं असतं त्याचीही मी सोय केली आहे, आमच्या शाळेचे जुने शिपाई येतो म्हणाले आहेत. तेव्हा तू काळजी करू नकोस, एवढ्या लांब यायचा त्रास तर मुळीच घेऊ नकोस. रागावली असशील तर रागाव, तुझा हक्क आहे. तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

तुझा,
क्वामेना

ता. क. शिपाई येतो म्हणाले नाहीत. मी त्यांना विचारलंच नाही. ते माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेत, ते माझे वडीलधारे कसे होणार? ताई, मला मोठं असं माणूस या जगात एकच उरलं आहे.

ता. क. दुसरा. एबोच्या हाती एक पुडकं पाठवलं आहे. त्यात निळं कापड आहे, त्यावर पांढरे मासे आहेत, सगळे सरळ पोहताहेत, मी तीन वेळा बघितलं. ते उघड, पण घालून बघू नकोस, तसा नियम आहे. पहिल्यांदा मी कापलं ते बघून मॅडम म्हणाल्या, 'ही तर तिशीतली बाई आहे. सर, बहिणीकडे शेवटचं कधी बघितलंत?' मी म्हटलं, दर वर्षी. आणि म्हणता म्हणता कळलं की दर वर्षी मी जेवलो, बोललो, निघालो, बघितलं काही नाही. माझ्या डोळ्यांपुढे पाटी डोक्यावर घेऊन तरातरा चालणारी अराबाच होती. म्हणून या ईस्टरला मी दोन दिवस तुझ्याकडे टक लावून बसलो होतो आणि तू खेकसलीस की मी काय मेले आहे का असा बघतोस. मी कापड कापत होतो ग, मनातल्या मनात. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली गेला आहे, हे मला तुझ्या सत्तर वर्षांत, म्हणजे माझ्या बासष्टांत, कुणी सांगितलं नव्हतं. पाठ वाकली आहे. दंड बारीक झाले आहेत. मी उजवीकडे मुंढा खाली घेतला आहे आणि पाठीला जास्त कापड दिलं आहे. शिवणीत दोन्हीकडे दोन दोन बोटं माया ठेवली आहे, घट्ट झालं तर सैल करता येईल, पण ते मॅडमना सांगू नकोस.

ता. क. तिसरा, हा फक्त एकुआसाठी. बाळ, आजी हे ऐकून जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून मला पाठव. शिव्या गाळू नकोस, सुधारूनही लिहू नकोस. शिव्या आल्या तर मी समजेन ती येते आहे, आणि मंडपात पुढची खुर्ची धरून ठेवेन. पण नुसतं 'बरं' म्हणाली, तर तसं एबोला सांगून त्याला लगेच माझ्याकडे पाठव. तिला न्यायला मीच येतो.